आत्या पाणी पीत नाही तेव्हा

लातूरहून पुण्याला यायचं असलं की माझी आत्या सकाळच्या चहानंतर पाण्याला हात लावत नाही. सात-आठ तासांचा रस्ता, त्यात एप्रिलचं ऊन. "वाटेत जायची सोय नाही, मग प्यायचं कशाला?" हा तिचा हिशेब. पुण्यात आल्यावर दुसऱ्या दिवशी तिला हमखास उन्हाळी लागते आणि मी धने-जिऱ्याचं पाणी करत बसते. तिचा हिशेब कुठे चुकतो हे पाहायचं तर बस सुटल्यापासून तिच्या शरीरात काय चाललंय ते पाहायला हवं.

पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या आडोशाला मुठीएवढी दोन मूत्रपिंडं. दोन्ही मिळून वजन जेमतेम 300 ग्रॅम, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. एकेका मूत्रपिंडात नेफ्रॉन नावाचे सुमारे 10 लाख सूक्ष्म घटक असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता असतो. रक्ताच्या दाबाने तिथून पाणी, मीठ, साखर, युरिया असं सगळं गाळून नळीत उतरतं, रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं मागे राहतात. असं दिवसाला 180 लीटर गाळलं जातं आणि लघवी होते ती दीड-दोन लीटर. बाकीचं सगळं शरीर परत घेतं.

मला मूत्रपिंडाचं खरं कसब या परत घेण्यात दिसतं. दिवाळीच्या आधी आपण माळा रिकामा करतो तेव्हा टाकायचं काय ते शोधत बसत नाही. सगळंच खाली काढतो आणि हवं तेवढं पुन्हा वर ठेवतो. मूत्रपिंड तेच करतं, दिवसभर. साखर तर ते एरवी सगळीच उचलून घेतं. रक्तातली साखर साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेली की उचलणारे हात कमी पडतात आणि ती लघवीत उतरते.

बार्शी मागे पडेपर्यंत आत्याचं बरंच पाणी घामावाटे गेलेलं असतं. रक्त किंचित खारट होतं. हा फरक शेकडा एक-दोन इतका असला तरी मेंदूला कळतो. मग मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून व्हासोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात येतं आणि नेफ्रॉनच्या शेवटच्या नळीपाशी पोचतं. तिथल्या पेशींच्या पोटात पाण्याची सूक्ष्म दारं तयार ठेवलेली असतात. निरोप मिळाला की काही मिनिटांत ती भिंतीवर येऊन बसतात. अ‍ॅक्वापोरिन हे त्यांचं नाव. त्यांच्या शोधासाठी पीटर आग्रे यांना 2003 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

दार उघडलं तरी पाणी बाहेर का यावं? कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, तसंच इथे होतं. मूत्रपिंडाचा आतला गाभा रक्ताच्या चौपट खारट होऊ शकतो, आणि ते खारटपण नळीतलं पाणी ओढून घेतं.

पण हे ओढणं चौपटीशी थांबतं. युरिया आणि जादा मीठ बाहेर टाकायला दिवसाकाठी निदान अर्धा लीटर पाणी लागतंच. आत्या घोटभरही प्यायली नाही, तरी लघवी तयार होतच राहते, फक्त दाट. तिला पिवळेपण देणारं युरोबिलिन थोड्या पाण्यात गोळा होतं, म्हणून रंग गडद होतो.

वीतभर लांबीच्या दोन नळ्या आकसत-सैलावत ती खाली मूत्राशयात ढकलतात. दीड-दोनशे मिलिलीटर साठलं की पहिली जाणीव होते. ताण ओळखणारं पिझो2 हे प्रथिन हे काम करतं. ते जन्मतःच नसलेल्या माणसांना लघवी लागल्याचं नीट कळत नाही, त्यांना घड्याळ बघून जावं लागतं. एरवी जाणीव झाली तरी बाहेरचा स्नायू आपल्या ताब्यात असतो. सोय दिसली की मेंदू परवानगी देतो, मूत्राशय आकसतं आणि त्याच क्षणी दार सैल पडतं. परवानगी नसेल तर कळ येते, ओसरते, पुन्हा येते. चारशे-पाचशे मिलिलीटरला बसणं मुश्कील होतं. आत्या खिडकीशी पदर घट्ट धरून बसते ती तेव्हाच.

अशी दाट, कोंडलेली लघवी जळजळते, आणि साठून राहिल्याने जंतूंनाही वाढायला वेळ मिळतो. जळजळ दोन दिवसांत थांबली नाही, ताप आला किंवा लघवीत रक्त दिसलं, तर धने-जिऱ्यावर विसंबू नये, तपासून घ्यावं.

या खेपेला निघताना मी तिच्याकडून बाटली भरून घेतली. इथे उतरली तेव्हा ती अर्धी झाली होती. "टेंभुर्णीच्या पुढे गाडी एका हॉटेलवर थांबली," आत्या म्हणाली. "तिथली बाथरूम बरी होती, दाराला कडीपण होती. म्हणून मग प्यायले."