सातवी जनरेशन का वगळली? सांगलीतल्या संगणकप्रेमींच्या नाराजीची पार्श्वभूमी

तंत्रज्ञानाच्या बाजारात काही नवं जाहीर झालं की सांगली-मिरजेतल्या कॉम्प्युटरवेड्यांचा पहिला प्रश्न हल्ली 'नवीन काय आलं?' असा नसतो. 'आपल्याकडचं चालणार का?' असा असतो. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्या, २०२५ संपता संपता रॅमचे भाव भडकले आणि ३ डिसेंबरला मायक्रॉन कंपनीकडून 'क्रुशियल' हा आपला रॅमचा ब्रँड किरकोळ ग्राहकांसाठी बंद करत असल्याची घोषणा झाली. त्यावर इथे हळहळ कमी झाली, 'बघा, म्हटलं नव्हतं?' हेच जास्त ऐकू आलं. दुकानांतल्या कोटेशनवर 'भाव फक्त आजपुरता' असं लिहून येऊ लागलं, तेही कुणाला फारसं नवल वाटलं नाही. बातमीकडे आधी संशयाने बघायची ही सवय मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या २०२१ मधल्या एका निर्णयाने लावली: नव्या विंडोज ११ मधून इंटेलचे सातव्या जनरेशनपर्यंतचे, म्हणजे सातव्या पिढीपर्यंतचे, प्रोसेसर वगळायचे.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. २००१ साली एमएससीआयटी सुरू झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज एक्सपी आलं, आणि गल्लोगल्ली क्लास निघाले. बातम्या महिन्याने, मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीतून पोचत. नवा प्रोसेसर आला म्हणजे काय, तर त्याचं चित्र बघायचं आणि आपण जुना पेंटियम वापरायचा, भारनियमनात यूपीएसची शिट्टी वाजायच्या आत फाइल सेव्ह करायची. यात तक्रारीला जागाच नव्हती, कारण जुन्या मशीनला हात लावायला कुणी येत नव्हतं. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पर्यंत अपडेट मिळाले. एवढ्या काळात रॅम वाढली, हार्ड डिस्क बदलली, मदरबोर्डही बदलला, पण 'विंडो तीच टाका' हे वाक्य बदललं नाही.

२०१५ मध्ये वारं फिरलं, आणि तेव्हा ते चांगलंच वाटलं. विंडोज १० त्या वर्षी २९ जुलैला आलं आणि सात किंवा आठ असलेल्यांना वर्षभर फुकट मिळालं. हे शेवटचंच विंडोज, असं मायक्रोसॉफ्टच्याच एका तंत्रज्ञाने मे महिन्यात जाहीर कार्यक्रमात सांगितलं होतं. कंपनीने त्यावर कधी करार करून दिला नव्हता हे खरं, पण तिने ते जोरात खोडूनही काढलं नाही. इथे त्या अपग्रेडच्या खिडकीने लोकांना वैताग दिला, कारण नेटसेटरच्या एक-दोन जीबीच्या पॅकमध्ये तीन जीबीचं डाउनलोड कुठून बसवणार? पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये स्वस्त फोर जी आलं आणि ती अडचण मिटली. बातमी महिन्याऐवजी मिनिटात येऊ लागली. हिंदी यूट्यूबवर रात्री घोषणा बघायची आणि सकाळी दुकानदाराला विचारायचं, अशी रीतच पडली.

मग २४ जून २०२१. विंडोज ११ जाहीर झालं आणि सोबत अटी आल्या. टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) हवं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा हवा. चार जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेजच्या अटीवर कुणी चकार शब्द काढला नाही, भांडण झालं ते प्रोसेसरवर. सातव्या जनरेशनचे डेस्कटॉप प्रोसेसर जानेवारी २०१७ मध्ये आले होते, म्हणजे साडेचार वर्षंही जुने नव्हते.

पहिल्या चार दिवसांतच गोंधळ उडाला. आपलं मशीन चालेल का हे सांगायला कंपनीने एक छोटं ॲप दिलं होतं. ते 'चालणार नाही' म्हणायचं, पण का ते सांगायचं नाही. शेवटी ते काढून घ्यावं लागलं. अडचण बऱ्याचदा क्षुल्लक असे: टीपीएम प्रोसेसरच्या आतच होतं, फक्त बंद होतं. डिलीट की दाबत बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, शिरायचं, प्रोसेसर इंटेलचा असेल तर पीटीटी आणि एएमडीचा असेल तर एफटीपीएम (दोन्ही टीपीएमचीच नावं) चालू करायचं, एफ १० दाबून बाहेर यायचं. तेवढ्यासाठी माणसं अख्खा सीपीयू गाडीवर पुढ्यात घेऊन दुकानात येत.

सातव्या जनरेशनचा प्रश्न मात्र बायोसमध्ये सुटणारा नव्हता. मायक्रोसॉफ्टने दोन कारणं दिली, सुरक्षितता आणि स्थिरता. सुरक्षिततेचं कारण पोकळ नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्याच त्रुटी उघड झाल्यावर प्रोसेसरच्याच पातळीवर कुंपण हवं, हे अभ्यासू मंडळींना पटलेलं होतं. पण विंडोजच्या अशा कुंपणाला वेग देणारी एमबीईसी नावाची सोय सातव्या जनरेशनमध्येही होती. उलट एएमडीकडे तिच्या तोडीची सोय झेन २ या प्रोसेसर-पिढीपासून आली, आणि परवानगी मात्र त्याआधीच्या झेन प्लसलाही मिळाली. म्हणजे रेषा ओढली एका ठिकाणी आणि कारण सांगितलं दुसऱ्याच ठिकाणचं. विश्रामबागेत इंजिनिअरिंगची पोरं चहाच्या गाड्यावर याच मुद्द्यावर तासतास घालवत, आणि माझ्या मते ती बरोबर होती.

स्थिरतेच्या कारणासाठी ऑगस्टअखेर आकडे आले. अटीत न बसणाऱ्या मशीनवर कर्नल मोडचे, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातले, क्रॅश ५२ टक्के जास्त, आणि अटीत बसणाऱ्यांचा अनुभव ९९.८ टक्के क्रॅशमुक्त. उत्साही मंडळींनी लगेच पाटीवर गणित मांडलं: दोन दशांश टक्क्यांत निम्म्याने भर पडली तरी होतात तीन दशांश. दोन्ही आकडे एकाच मापाचे होते का, हे घोषणेत स्पष्ट नव्हतं, त्यामुळे हे गणितही पक्कं म्हणता येत नाही. पण त्याच घोषणेत सातव्या जनरेशनमधल्या एका लॅपटॉप चिपला, ७८२० एचक्यूला, सवलत मिळाली. ही चिप कंपनीच्या स्वतःच्या, साडेतीन हजार डॉलरपासून पुढच्या सर्फेस स्टुडिओ २ मध्ये होती. या एका सवलतीने जेवढा विश्वास गेला तेवढा बाकी सगळ्या अटींनी मिळूनही गेला नसेल.

सांगलीत हे जास्त का झोंबलं, त्याचं कारण पाण्यात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले. पेठांमधली तळमजल्यावरची दुकानं, कार्यालयं, झेरॉक्सवाले यांचे सीपीयू पाण्याखाली गेले. उभं राहायची घाई आणि हातात पैसा नाही, म्हणून अनेकांनी पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांचे लीज संपलेले 'कॉर्पोरेट लॉट' घेतले. तेव्हा अशा लॉटमध्ये चौथी, पाचवी, सहावी जनरेशन असायची. त्यात एसएसडी टाकली की मशीन पळायचं. दोन वर्षं होतात न होतात तोच ती सगळी मशीन अटीबाहेर ठरली, आणि घोषणेनंतर महिन्याभरात, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा पूर आला.

तेव्हापासून सेकंडहँड बाजारात सातवी आणि आठवी यांच्यात भिंतच उभी राहिली. कॅबिनेट तेच, स्क्रीन तीच, पण 'एट्थ जेन आहे ओ' म्हटलं की भाव वर. जुनं घेणारा म्हणतो, "बायपास करून द्या की मग." म्हणजे अट चुकवून विंडोज ११ टाका. ते होतंही. आधी खुद्द कंपनीनेच रजिस्ट्रीतली (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमधली) वाट आपल्या मदत-पानावर छापली होती, डिसेंबर २०२४ मध्ये टीपीएमबाबत तडजोड नाही असं पुन्हा ठणकावलं, आणि नंतर ती ओळही काढून टाकली. दुकानदार पेन ड्राइव्हवरून विंडोज ११ टाकून देतो, पण पुढच्या मोठ्या अपडेटची हमी बिलावर लिहीत नाही.

पत्रिका छापणाऱ्यांचा प्रश्न याहून वेगळा. त्यांचं पानं मांडायचं सॉफ्टवेअर, पेजमेकर, २००१ नंतर पुढे सरकलेलंच नाही, मराठी फाँट जुन्या पद्धतीचे, आणि गेल्या वीस वर्षांच्या फाइली त्यातच. त्यांनी नेटची वायर काढून टाकली आहे. अपडेट संपले काय अन् राहिले काय, लग्नसराईत मशीन चालू पाहिजे.

मधल्या काळात ३ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने लॅपटॉप आयातीवर परवान्याची अट तडकाफडकी घातली आणि दुसऱ्याच दिवशी ती पुढे ढकलली. त्या एका दिवसात इथेही भाव हलले, आणि घोषणा वाचून लगेच खरेदी करायची नाही हा धडा बळकट झाला.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. वर्षभराचे जादा सुरक्षा अपडेट ३० डॉलर भरून किंवा सेटिंग्जचा बॅकअप कंपनीच्या क्लाउडवर ठेवून मिळतात. युरोपातल्या ग्राहकांना बॅकअपची अटही लागू नाही, ती आपल्याला आहे. ही सवलत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची म्हणून जाहीर झाली, आणि नव्या मशीनमध्ये घालायची रॅम नेमकी याच वर्षात महागली आहे. त्यामुळे हिशेब सांभाळणारे दुकानदार बॅकअपची अट मान्य करून वर्ष काढत आहेत, कॉलेजची पोरं लिनक्स मिंट टाकून बघत आहेत, आणि आठव्या जनरेशनचे जुने लॉट आले की दुपारपर्यंत संपत आहेत.