जर्मन ए-वन: आधी स्वतःची लेव्हल तपासा, मग परीक्षेची फी भरा

जर्मनीत नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जायचा व्हिसा काढायचा तर साधारणपणे ए-वनचं, म्हणजे जर्मन भाषेच्या सगळ्यात पहिल्या लेव्हलचं, सर्टिफिकेट लागतं हे सगळ्यांना माहितीये, पण कुठलं सर्टिफिकेट हे बऱ्याच जणांना फाइल परत आल्यावरच कळतं. क्लासने दिलेला "ए-वन कोर्स पूर्ण" हा कागद चालत नाही, ऑनलाइन टेस्टची प्रिंटही चालत नाही. गोएथे, टेल्क, ओएसडी अशा मान्य संस्थेची परीक्षा पास झाल्याचंच लागतं. एक मुलगी क्लासचा कागद चक्क लॅमिनेट करून घेऊन आली होती, चार महिने मन लावून शिकलेली, आणि हा फरक तिला कोणी एका शब्दाने सांगितला नव्हता. क्लासवाल्यांनो, पहिल्याच दिवशी सांगा हो हे.

आणि जोडीदाराकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारं परमिट, असेल तर ए-वनची अटच नाहीये, म्हणून आधी त्याचं परमिट कुठलं आहे ते बघा.

आता तयारी झालीय की नाही हे कसं ओळखायचं? पुस्तक संपलं म्हणजे लेव्हल आली असं नसतं. गोएथेच्या साइटवर ए-वनचा नमुना पेपर ऑडिओसकट फुकट मिळतो, तो घड्याळ लावून सोडवा. ऐकण्याच्या दुसऱ्या भागात स्टेशनवरच्या वगैरे घोषणा असतात त्या एकदाच ऐकवतात, घरी आपण पॉज करून तीनदा ऐकतो आणि जमलं म्हणतो, तिथेच फसगत होते. पास व्हायला 100 पैकी 60 लागतात, घरी 75 च्या खाली येत असाल तर माझं ऐका, महिनाभर थांबा.

बोलण्यात नावाचं स्पेलिंग विचारतात. जोशी म्हणजे योट, ओ, एस, हा, ई. जर्मन 'ई' ऐकलं की आपला हात इंग्रजीतला ई लिहितो, खरं तर ते आय असतं. नंबर मात्र मराठीत विचार करून ऐका, त्यांचं एकवीसही "एक आणि वीस" असंच आहे, आधी एक मग वीस, इंग्रजीतून गेलात तर 21 चे 12 होतात. एक मिनिट स्वतःची ओळख मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका, कुठे अडखळता ते लगेच कळेल.

बाकी काम सोपं, ऑनलाइन फॉर्म, फी, तारीख. जागा पटकन भरतात म्हणून तारखा सुटतात त्या दिवशी बसा. फॉर्मवर नाव मात्र पासपोर्टवर आहे अगदी तसंच टाका. लग्नानंतर आडनाव बदललंय पण पासपोर्ट माहेरच्या नावाचाच आहे, अशा मुली नवं नाव टाकतात आणि मग सर्टिफिकेट एका नावाचं, पासपोर्ट दुसऱ्या. बदलायचंच असेल तर आधी पासपोर्ट बदला, मग परीक्षेचा फॉर्म भरा. परीक्षेला मूळ पासपोर्ट न्या, झेरॉक्सवर विसंबू नका.