कोटेशनमधली दुसरी ओळ

ॲप किंवा वेबसाइट करून देण्याचं आमचं कोटेशन हातात पडलं की बहुतेकांचं बोट दुसऱ्या ओळीवर थांबतं. भेट आणि चर्चा, डिझाइन, प्रोग्रामिंग हे सगळं कळतं. पण 'वापरकर्त्यांचा अभ्यास' हे काय आणि? 'आमची गिऱ्हाइकं आम्हाला ठाऊक नाहीत होय?' प्रश्न रास्त आहे. दर वेळी चहा घेता घेता उत्तर देण्यापेक्षा ते इथे छापून ठेवतो आहोत.

गिऱ्हाईक तुम्हाला ठाऊक असतं ते समोर उभं असताना. त्याचं अडलं की ते तुम्हाला विचारतं, तुम्ही सांगता, काम होतं. मोबाईलवर ते एकटं असतं. तिथे अडलं की ॲप बंद करून तुम्हाला फोन लावतं, नाहीतर शेजारच्या दुकानात जातं. दुसरी गोष्ट तुम्हाला कळतसुद्धा नाही.

आम्ही हे स्वतःच्या चुकीतून शिकलो. गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानासाठी अभिषेक आणि पूजांच्या ऑनलाइन नोंदणीचं पान केलं होतं. सुरेख कॅलेंडर, तारीख निवडा, पैसे भरा, पावती मिळवा. समितीला आवडलं, आम्हालाही. पण कचेरीतला फोन पूर्वीसारखाच वाजत राहिला आणि पानाकडे फारसं कोणी फिरकलं नाही.

मग आमच्यातला एकजण दोन दिवस कचेरीतल्या कारकुनाशेजारी नुसता बसून राहिला. फोन येत होते, 'येत्या शुद्ध पंचमीला जमेल?', 'गणेश चवथीनंतरच्या पहिल्या सोमवारी?' इंग्रजी तारीख क्वचितच कोणी सांगत होतं. कारकून भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघायचा, तिथीवरून तारीख काढायचा आणि वहीत नाव लिहायचा, पेन्सिलीने. दुसऱ्या दिवशी त्याच घरचा परत फोन, भाऊ मुंबईहून येतो आहे, पुढच्या आठवड्यात करू. खोडरबर, नवीन नोंद. पैसे आले, पावती फाडली, की मगच त्यावरून पेन फिरायचं. आमच्या पानावर पेन्सिलच नव्हती. आधी पैसे, मग नोंद, आणि बदल करायचा तर नवीन बुकिंग! शिवाय पैसे भरणारा मुलगा आणि संकल्प आईच्या नावे, ही रोजची गोष्ट, पण आमच्या फॉर्मवर नाव एकच. गोत्राला तर जागाच नव्हती.

हे प्रश्नावली वाटून कळलं नसतं. 'कॅलेंडर हवं का?' असं विचारलं असतं तर सगळ्यांनी हो म्हटलं असतं. आपली माणसं भिडस्त, केलेलं काम दाखवलं की 'बरें आसा' म्हणून मोकळी होतात. म्हणून आम्ही मत कमी विचारतो आणि काम करताना जास्त बघतो.

ही काही आमच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे. जॉन गूल्ड आणि क्लेटन लुइस या संशोधकांनी १९८५ साली तीन गोष्टी मांडल्या: सुरुवातीपासून वापरणाऱ्या माणसाकडे आणि त्याच्या कामाकडे लक्ष द्या, प्रत्यक्ष वापरायला देऊन मोजा, आणि सुधारून पुन्हा करा. आयएसओ ९२४१-२१० हे आंतरराष्ट्रीय मानक आज साधारण हेच सांगतं.

प्रत्यक्षात काय करतो? कागदावर किंवा फोनवर कच्चा नमुना घेऊन आम्ही माणसाच्या घरी, दुकानात, जिथे तो हे वापरणार तिथेच जातो. एक काम देतो आणि करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगतो. मग गप्प बसतो. यातलं सगळ्यात कठीण काम हेच. एकदा मालक स्वतः सोबत आले आणि दुसऱ्याच मिनिटाला 'खाली बघा, अजून खाली!' म्हणाले. ती चाचणी तिथेच संपली. तेव्हापासून मालकांना आम्ही चित्रफीत दाखवतो, सोबत नेत नाही.

अशी चाचणी आम्ही पाच जणांबरोबर करतो. 'पाचच माणसं? एवढ्याने काय कळणार?' याचं उत्तर याकोब नील्सन आणि टॉम लँडॉअर या संशोधकांनी १९९३ साली मांडलेल्या हिशोबात आहे. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी दिसल्या. दुसऱ्याला त्यातल्या बऱ्याच पुन्हा दिसतात, काही नव्या. असं करत पाचव्यापर्यंत सुमारे ८५ टक्के. ही सरासरी आहे, हमी नव्हे. आणि पाच म्हणजे एका प्रकारचे पाच. हॉटेल असेल तर खोली घेणारे पाहुणे वेगळे, रिसेप्शनवरची पोरं वेगळी.

भाषेचंही असंच. घरी कोंकणी बोलायची, सकाळी पेपर मराठी वाचायचा आणि फोनवर रोमन अक्षरांत टाइप करायचं, हे सगळं एकाच माणसात असतं. 'मराठी की इंग्रजी?' असं विचारून काही हाती लागत नाही, बटण कुठलं दाबतो ते बघावं लागतं. पत्त्याची तीच गत. फ्लॅट, बिल्डिंग, रोड अशा तीन चौकटी सक्तीच्या ठेवल्या की वाड्यावरचा माणूस तिन्हींत टिंब घालतो. त्याचा खरा पत्ता 'खुरसाकडून (म्हणजे क्रूसाकडून) डावीकडे, वडाच्या मागचं घर'. त्यासाठी एक मोकळी चौकट पुरते.

तुमच्याकडून आम्हाला फार काही नको. आठ-दहा गिऱ्हाइकांची ओळख, जुनी वही किंवा तक्रारींचे व्हॉट्सॲप मेसेज, आणि फोन उचलणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस. त्याला कमी लेखू नका, निम्मं उत्तर त्याच्याकडेच असतं. येणाऱ्यांचं मानधन कोटेशनमध्ये धरलेलं आहे. रेकॉर्डिंग परवानगी घेऊनच करतो आणि काम संपलं की पुसतो. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी पुसलं असतं. चवथीच्या आधीचा पंधरवडा सोडून कधीही या.

हाती काय येईल? दोन पानं आणि दहा मिनिटांची चित्रफीत. जाडजूड अहवाल आम्ही करत नाही, तो कोणी वाचत नाही.

चार पानांच्या वेबसाइटवर फोटो आणि फोन नंबर बदलायचे असतील तर दुसरी ओळ आम्ही घालतच नाही. उलटही होतं. अभ्यासातून निघतं की ॲप नकोच, फोन घ्यायला आणखी एक माणूस आणि बरी वही पुरेल. असं आजवर दोनदा झालं. दोन्ही वेळा तिसरी-चौथी ओळ खोडली आणि बिल दुसऱ्या ओळीचंच लावलं.