वायरमनचा सिरीज बोर्ड काय सांगतो

विजेच्या वस्तू दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलाजवळ एक लाकडी बोर्ड हमखास असतो. त्यावर एक होल्डर, होल्डरात 100 वॅटचा जुना तारेचा बल्ब, शेजारी सॉकेट आणि दोन स्विच. उघडून जोडलेली इस्त्री, मिक्सर, पंखा, काहीही असो, आधी या बोर्डावर लागतं. एकसर (सिरीज) आणि समांतर (पॅरलल) जोडणीतला फरक इथे डोळ्यांनी दिसतो.

घरातले पॉइंट समांतर जोडलेले असतात. प्रत्येकाला फेज आणि न्यूट्रलमधले पूर्ण 230 व्होल्ट मिळतात, म्हणून पंखा बंद केला तरी ट्यूब चालू राहते. सिरीज बोर्डावर फेज आधी बल्बमधून जातो, मग सॉकेटला पोहोचतो. न्यूट्रल थेट येतो. आता बल्ब आणि वस्तू दोन्हींतून प्रवाह एकच वाहतो, पण 230 व्होल्टची वाटणी होते. ज्याचा रोध जास्त, त्याचा वाटा मोठा.

वस्तू आतून शॉर्ट असेल तर तिचा रोध जवळजवळ शून्य, म्हणजे सगळे 230 व्होल्ट बल्बवर. बल्ब लख्ख पेटतो आणि प्रवाह 0.43 अँपिअरच्या पुढे जात नाही. हीच वस्तू थेट सॉकेटला लावली असती तर ठिणगी उडून एमसीबी पडला असता. कॉईल किंवा वायर तुटलेली असेल तर बल्ब पेटतच नाही. टीव्हीचा पॉवर सप्लाय लावला की बल्ब क्षणभर उजळून मंदावतो, कारण आतला कंडेन्सर चार्ज होताना एकदम प्रवाह खेचतो.

नवशिके फसतात ते इस्त्रीपाशी. पेटलेल्या 100 वॅटच्या बल्बचा रोध सुमारे 529 ओहम, तर 1000 वॅटच्या इस्त्रीचा जेमतेम 53. इस्त्री अगदी ठणठणीत असली तरी बल्बच्या वाट्याला सुमारे 209 व्होल्ट येतात. 209 आणि 230 मधला फरक नुसत्या नजरेने ओळखणं अवघड, त्यामुळे चांगली इस्त्री ‘शॉर्ट’ ठरवून उगाच उघडली जाते. उपाय साधा आहे: मोठ्या लोडला मोठा दिवा. 500 वॅटची हॅलोजन नळी लावली तर तिच्यावर साधारण 153 व्होल्टच येतात आणि ती स्पष्ट मंद दिसते. शॉर्ट असेल तर डोळे दिपतात. होल्डरात एलईडी बल्ब मात्र चालत नाही. त्याच्या आतलं सर्किट विजेचा दाब (व्होल्टेज) कमी-जास्त झाला तरी प्रकाश सारखा ठेवायला बघतं किंवा नुसतं लुकलुकतं. तारेचा बल्ब आता दुकानात शोधावा लागतो, पण या कामाला तोच हवा.

दुसरा स्विच बल्बला समांतर जोडलेला असतो. तपासणीत वस्तू पास झाली की तो दाबायचा. प्रवाहाला बल्बला वळसा घालून जाणारी बिनरोधाची वाट मिळते, बल्ब विझतो आणि वस्तूला पूर्ण दाब मिळतो. नवी वस्तू लावण्याआधी हा स्विच बंद केलाय ना, हे बघायला विसरलं की सिरीज बोर्ड म्हणजे साधा एक्स्टेन्शन बोर्ड.

बल्ब विझलेला आहे म्हणून सॉकेटच्या टोकांना हात लावता येतो, हा समज जीवघेणा आहे. थंड बल्बचा रोध 40 ओहमच्या आसपास असतो. माणसाच्या शरीराचा हजार ओहम किंवा जास्त. म्हणजे मधला बल्ब शॉक अडवत नाही, आणि तो पेटत नसल्याने काही कळतही नाही. वस्तूच्या धातूच्या बॉडीला वीज उतरते का, हे तपासतानाही हीच अडचण. बोर्डाचं एक टोक वस्तूच्या पिनेला आणि दुसरं बॉडीला लावून बल्ब पेटला तर दोष नक्की. पण पेटला नाही म्हणजे वस्तू सुरक्षित, असं नाही. आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच, 30 मिलिअँपिअरच्या गळतीला पडतो, आणि एवढ्या प्रवाहात 100 वॅटच्या बल्बची तार लालसुद्धा होत नाही. गीझर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर अशा ओल्या जागेतल्या वस्तूंसाठी बल्बवर विसंबू नये. वस्तू सप्लायपासून सोडवून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) पिन आणि बॉडी यांच्यामधला रोध मोजावा. तो मेगओहममध्ये (दहा लाख ओहमच्या पटीत) यायला हवा.