सिकलसेल रुग्णांसाठी दिव्यांग प्रमाणपत्र : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा समावेश आहे. तरीही नागपूर जिल्ह्यातील अनेक कुटुंबे मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांत वर्षानुवर्षे उपचार घेत असूनही अर्ज करत नाहीत, कारण चालत्या-फिरत्या माणसालाही हे प्रमाणपत्र मिळू शकते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

रक्ततपासणीत ‘एसएस’ पॅटर्न (आई आणि वडील दोघांकडूनही सिकल जनुक आलेले) आलेल्या रुग्णाला अर्ज करता येतो. ‘एएस’ म्हणजेच एकाच पालकाकडून सिकल जनुक आलेल्या, केवळ वाहक असलेल्या व्यक्तीला हे प्रमाणपत्र मिळत नाही. जातीच्या दाखल्याची अट नाही. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भर आदिवासी भागांवर असल्याने अशी अट असल्याचा गैरसमज पसरतो. विदर्भात मात्र हा आजार अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय समाजांतही आढळतो.

अर्ज केंद्र सरकारच्या यूडीआयडी पोर्टलवर (दिव्यांगांचे ओळखपत्र, म्हणजेच स्वावलंबन कार्ड) ऑनलाइन करावा लागतो. आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा, फोटो आणि सही किंवा अंगठ्याचा ठसा एवढे फॉर्म भरायला पुरते. नावाचे स्पेलिंग आधारवर आहे तसेच भरावे. त्यानंतर पोर्टलवर निवडलेल्या रुग्णालयात मूळ कागदपत्रांसह तपासणीसाठी जावे लागते.

खरे महत्त्व वैद्यकीय कागदांचे आहे. शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी केवळ प्राथमिक असते, ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही. म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या तपासणीचा अहवाल हाताशी असावा. नुकतेच रक्त चढवले असल्यास दात्याच्या रक्तामुळे या अहवालाचा अर्थ चुकीचा लागू शकतो, तेव्हा रक्त चढवल्याची तारीख डॉक्टरांना आवर्जून सांगावी. दिव्यांगत्वाची टक्केवारी आजाराच्या तीव्रतेवर ठरते : वेदनेचे झटके किती वेळा आले, रक्त किती वेळा चढवावे लागले, कंबरेचे हाड, मेंदू किंवा मूत्रपिंड यांना इजा झाली आहे का. तपासणीच्या दिवशी रुग्ण ठणठणीत दिसला, तर यातले काहीच नजरेला पडत नाही. म्हणून प्रत्येक भरतीचे डिस्चार्ज कार्ड, रक्तपेढीच्या नोंदी आणि जुने केस पेपर तारखेच्या क्रमाने लावून न्यावेत, झेरॉक्सचा एक संच वेगळा ठेवावा.

टक्केवारी ४० किंवा अधिक असल्यास उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षण, तसेच ६ ते १८ वयोगटातील मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क लागू होतो. शासकीय नोकरीतील ४ टक्के आरक्षणाच्या यादीत मात्र रक्ताचे आजार नाहीत. ही कायद्यातील मोठी उणीव आहे आणि ती दूर व्हायला हवी.

अर्ज नाकारल्यास कारण लेखी देणे बंधनकारक आहे. ते मागून घ्यावे, कारण कायद्याच्या कलम ५९ नुसार राज्य शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अपील करताना तोच कागद लागतो.