उन्हाळ्यातच अर्धी शिजलेली पिठी

संध्याकाळी साडेसातला कणकवलीहून एसटीने घरी पोचावं, पावसाने छत्री उलटी केलेली असावी आणि दारात पाऊल टाकताच लाईट जावी. मिक्सर बंद, म्हणजे खोबऱ्याचं वाटप नाही. मासळी आणलेली नाही, आणली असती तरी ती साफ कोण करणार? अशा संध्याकाळी आमच्याकडे भात लावतात आणि शेजारच्या शेगडीवर कुळथाची पिठी, म्हणजे कुळथाच्या पिठाचं पातळ कालवण, ठेवतात. कुकरची वाफ जिरेपर्यंत पिठी तयार होते. तिच्यात दूध, दही, अंडं काही नसतं. वरून तुपाची धार सोडायची काही घरांत रीत आहे. तिच्या जागी चमचाभर खोबरेल घेतलं की जेवण व्हीगन झालं. हा शब्द आमच्या वाडीत अजून यायचाय, पिठी मात्र कधीची आहे.

पण कडधान्य दहा मिनिटांत शिजतंच कसं? अख्खे कुळीथ रात्रभर भिजवले तरी कुकरमध्ये चांगला वेळ घेतात.

दाणा शिजायचा तर पाणी आणि उष्णता त्याच्या गाभ्यापर्यंत पोचावी लागते. या झिरपण्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कुळथाच्या दाण्याची जाडी 2 मिलिमीटर धरू आणि पिठाच्या कणाची 0.2 मिलिमीटर. जाडी दहावा भाग झाली, की झिरपायचा वेळ शंभरावा भाग होतो. म्हणजे चुलीवरचे तास जात्याने आधीच खाऊन टाकलेले असतात. आज आपण दहा मिनिटांत जेवायला बसतो, कारण कोणीतरी उन्हाळ्यात घाम गाळून कुळीथ भाजले, भरडले, सुपाने पाखडून सालं काढली आणि दळून डबा भरून ठेवला. झटपट स्वयंपाकाचं श्रेय आपण उगाच शेगडीपाशी उभ्या असलेल्याला देतो.

भाजण्यात दोन कामं होतात. एक नाकाला कळतं. तापलेल्या दाण्यात प्रथिनांचे घटक आणि शर्करा एकमेकांशी जुळून तो खमंग वास आणि तांबूस रंग तयार होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी 1912 साली या अभिक्रियेचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. दुसरं काम दिसत नाही. कुळथात ट्रिप्सिन या आपल्या पाचक एन्झाइमला अडवणारी प्रथिनं असतात. बी खाणाऱ्यांविरुद्ध झाडाने केलेली ही तजवीज. भाजताना त्यांतली काही मोडतात आणि उरलेली बरीचशी पाण्यात उकळताना. म्हणून पीठ भाजलेलं असलं तरी पिठी घट्ट झाली की लगेच उतरवू नये, पाच-सात मिनिटं रटरटू द्यावी. कच्चट वासही तेव्हाच जातो.

आता कृती. दोन माणसांना चार मोठे चमचे पीठ आणि अर्धा लिटर पाणी. पीठ आधी थंड पाण्यात कालवायचं. इथे घाई नडते. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गोळ्याच्या बाहेरच्या थरातला स्टार्च क्षणात फुगून चिकट होतो, त्याचं कवच बनतं आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. तीच गुठळी. स्टार्च फुगायला साधारण 60 अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं, त्यामुळे थंड पाण्यात प्रत्येक कण निवांत सुटा होतो. मग ते गरम फोडणीच्या पाण्यात ओतायचं आणि ढवळत राहायचं. आई शेजारून बजावायची, “हात थांबव नको, गुठळी होतली.” नजरही हटवू नये, कारण कडधान्यातली प्रथिनं आणि सॅपोनिन फेस धरतात आणि पिठी बघता बघता उतू जाते.

फोडणीतली लसूण चिरण्याऐवजी ठेचावी आणि तेल तापेपर्यंत तशीच ठेवावी. अखंड पाकळीत ॲलिइन हा पदार्थ आणि त्याला मोडणारं ॲलिइनेज हे एन्झाइम वेगवेगळ्या जागी असतात. पाकळी चेचली की ते भेटतात आणि झणझणीत ॲलिसिन तयार होतं. तेलात पडताच एन्झाइम संपतं, म्हणून ही भेट आधीच झालेली बरी. लसणीचा आणखी एक उपयोग म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी 2010 साली दाखवला. प्रयोगशाळेतल्या नकली पचनात, लसूण किंवा कांदा घातल्यावर धान्य-कडधान्यांतलं लोह आणि जस्त जास्त प्रमाणात मोकळं झालं. कडधान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य लोहाला धरून ठेवतं, तेव्हा ही मदत मोलाची. पानात लिंबू पिळलं तर क जीवनसत्त्वही तेच काम करतं.

चार आमसुलं मात्र सुरुवातीलाच टाका. डाळ शिजण्याआधी आंबट घालू नये, हा नियम खरा आहे, कारण आम्लात पेशींना जोडणारं पेक्टिन सहज विरघळत नाही आणि दाणा टणक राहतो. पिठीत पेशी जात्यानेच फोडलेल्या असल्याने टणक राहायला काही उरलेलंच नसतं.

प्रथिनांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. कुळथात 100 ग्रॅममागे सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं असतात, हे ऐकून लोक पिठीला ताकदीचा खजिना ठरवतात. पण चार चमचे पीठ म्हणजे जेमतेम 40 ग्रॅम. दोघांत वाटले तर प्रत्येकाला चार-साडेचार ग्रॅम. शंभर ग्रॅम तांदूळ शिजवून केलेल्या भातातून सात-आठ ग्रॅम येतात, ते याहून जास्त! जोडी मात्र छान जमते. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलं लायसिन तांदळात कमी, कुळथात भरपूर. कुळथात मिथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते तांदूळ भरून काढतो. तरी पोटभर प्रथिनं हवी असतील तर सोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे घ्या. बी-12 जीवनसत्त्व यातल्या कशातच नाही. जे कायमचे व्हीगन आहेत त्यांना ते वेगळं घ्यावंच लागतं.

उरलेली पिठी सकाळी टोपात थापल्यासारखी बसलेली दिसते. ती बिघडलेली नसते. कडधान्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज या घटकाचं प्रमाण बरंच असतं, आणि थंड होताना त्याच्या सरळ साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून पाणी जाळ्यात पकडतात. वाटीभर कढत पाणी ओता, डावाने मोडा, एक उकळी आणा. लाईट आलेली असो वा नसो.