बेगमी, शिडाच्या सागरी प्रवासाची

बेगमी म्हणजे खुल्या समुद्रात शिरण्यापूर्वी शेवटच्या बंदरात पाणी, शिधा, गॅस आणि डिझेल भरून ते डुलणाऱ्या बोटीत जागच्या जागी लावण्याचे काम. इथे ते शेवटचे बंदर म्हणजे मुंबई. बेगमी किती, हे पुढचा मुक्काम ठरवतो. भारतीय नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांच्या २००९-१० च्या एकहाती पृथ्वीप्रदक्षिणेत ‘म्हादेई’ ही शिडाची बोट चार बंदरांत थांबली. त्याच बोटीतून १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघालेले नौदलाचेच अभिलाष टॉमी ३१ मार्च २०१३ ला परतेपर्यंत कुठेही थांबले नाहीत. पाच महिन्यांचे सामान इथूनच चढले.

हिशेब दिवसांवर करतात. मुंबईहून सेशेल्समधील व्हिक्टोरिया सुमारे १,७५० सागरी मैल. सरासरी ५ नॉट, म्हणजे तासाला ५ सागरी मैल, वेग धरला तर रोज १२० मैल, म्हणजे १५ दिवस. विषुववृत्तापाशी वारा पडतो, म्हणून दीडपट धरून २२ दिवसांची तयारी ठेवावी. माणशी रोज ४ लिटर पाणी म्हटले की तिघांना २६४ लिटर होते. सगळे एकाच टाकीत भरणे हा मोठा धोका : एक झाकण गळले आणि खारे पाणी शिरले, की सगळेच गेले. निदान तिसरा हिस्सा २० लिटरच्या कॅनमध्ये ठेवावा. खारे पाणी गोडे करणारे यंत्र असले तरी हा साठा हवाच. ते यंत्र बंदरात चालवू नये. तेलकट, गढूळ पाण्याने त्याचा मीठ गाळणारा पडदा खराब होतो. नळाच्या पाण्यातील क्लोरिननेही होतो, म्हणून यंत्र धुण्याचे पाणी आधी कोळशाच्या फिल्टरमधून घ्यावे.

सुका शिधा मस्जिद बंदरच्या घाऊक पेढ्यांवर, फळभाजी भायखळा किंवा क्रॉफर्ड मार्केटमध्ये मिळते. खरी परीक्षा कांद्याची. प्रवासाच्या हंगामात, डिसेंबर-जानेवारीत, बाजारात लाल कांदा असतो आणि तो टिकत नाही. जुना उन्हाळ कांदा मिळाला तर घ्यावा, नाहीतर कांदा बेतानेच भरावा. कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत. बटाट्याच्या ओलाव्याने कांदा सडतो. कोबीचे गड्डे कागदात गुंडाळून, टोमॅटो हिरवे, लिंबे आणि नारळ भरपूर. अंडी फ्रिजमध्ये न ठेवलेली, न धुतलेली घ्यावीत. व्हॅसलिन चोळून ठेवली आणि दर दोन-तीन दिवसांनी उलटी केली, तर तीन-चार आठवडे टिकतात. फोडण्याआधी मात्र पाण्यात सोडून पाहावे. तरंगले ते समुद्रात. पालेभाजी चार दिवसांत संपते, पुढे मटकी-मुगाला मोड आणणे हीच ताजी भाजी. रवा आणि भाजणी खमंग भाजून नेल्यास किडे उशिरा लागतात. सुके बोंबील टिकाऊ खरे, पण बंद केबिनमधला त्यांचा वास सगळ्यांना सोसतोच असे नाही.

पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच रिकामी करावीत, कारण त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. डब्यांवरची कागदी लेबले सोलून आत काय आहे ते मार्करने लिहावे. तळात साचलेल्या पाण्यात लेबल सुटते, त्याचा लगदा होतो आणि पंप तुंबतो. मग जेवणाला डाळ उघडायला जावे तर अननस निघतो. जड सामान खाली आणि बोटीच्या मध्यावर ठेवावे. नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकात, भरले तर बोट लाटेत तोंड खुपसते.

गेटवेसमोर नांगरलेल्या बोटीवर सामान छोट्या होडीतून न्यावे लागते. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर जातो. ओहोटीला शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि हातातल्या पिशवीसह माणूस घसरतो. म्हणून भरतीची वेळ साधावी.

गॅस हवेपेक्षा जड; गळला तर तळात साचतो. सिलिंडरचा कप्पा केबिनपासून बंद आणि तळाशी बाहेर निचरा होणारा असावा. परदेशात आपल्या सिलिंडरला बसणारे तोंड सहसा मिळत नाही, तेव्हा ५ किलोचे दोन भरून घ्यावेत. भातात एक भाग समुद्राचे पाणी आणि तीन भाग गोडे घातले की गोड्या पाण्याबरोबर मीठही वाचते, पण हे किनारा मागे पडल्यावरच.

पहिल्या तीन दिवसांचे जेवण वेगळे बांधतात. बोट लागलेली असताना कोणी शेगडीपाशी उभे राहत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आलेपाक आणि केळी खाली न उतरता हाती लागतील अशी, केबिनच्या दाराशी ठेवतात.